झाडाला नत्राची भूक कशी कळते?



अमळनेर गावाबाहेर कोणत्याही रस्त्याला लागा. चोपड्याकडे जा, धुळ्याकडे जा, नाही तर पारोळ्याकडे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीत कपाशी डुलताना दिसते. या कपाशीला शेतकरी वेळच्या वेळी युरिया देतो. दिला नाही तर खालची पाने पिवळी पडतात, झाड खुरटते आणि बोंडे कमी लागतात.

आता गावच्या गायरानात किंवा बोरी नदीच्या काठावर या. तिथेही बाभूळ, कडुनिंब, चिंच अशी झाडे उभी आहेत. त्यांच्या बुंध्याशी कोणी कधी युरियाची मूठ टाकलेली नाही. तरी ती वर्षानुवर्षे वाढतात, फुलतात, शेंगा-लिंबोळ्या देतात. कपाशीला जो नत्र लागतो, तोच या झाडांनाही लागतो. मग त्यांना तो कमी पडत नाही का?

पडतो. आपल्याकडच्या काळ्या जमिनी चुन्याने आणि पोटॅशने समृद्ध असल्या, तरी नत्राच्या बाबतीत त्या सहसा गरीबच असतात. फरक इतकाच, की नत्र कमी आहे हे झाडाला कळते आणि कळल्यावर ते स्वस्थ बसत नाही. त्याच्या पेशींतली काही जनुके जागी होतात, काही झोपी जातात आणि झाडाचे सारे वागणे बदलते. हे कसे घडते, ते या लेखात पाहू.

नत्र कशासाठी लागतो?

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र, म्हणजेच नायट्रोजन असतो. एक हेक्टर शेताच्या वर आकाशात जी हवा उभी आहे, तिच्यात ७५ हजार टनांहून अधिक नत्र भरतो. पण हा नत्र झाडाच्या उपयोगाचा नाही. हवेतील नत्राच्या रेणूत दोन अणू असतात आणि त्यांनी एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून ठेवलेले असते. हा बंध तोडण्याची शक्ती कोणत्याही झाडात नाही. झाड मुळांवाटे घेते तो नत्र मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम या रूपांत, पाण्यात विरघळलेला. सभोवती समुद्र असूनही पिण्यासाठी गोडे पाणी शोधावे लागते, तशीच ही स्थिती आहे.

हा नत्र जातो कुठे? हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमच्या एका अणूभोवती नत्राचे चार अणू बसलेले असतात. प्रथिनांच्या वजनाचा साधारण १६ टक्के भाग नत्राचा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर बनवण्याच्या कामाची सुरुवात करणारे ‘रुबिस्को’ हे विकरही एक प्रथिनच आहे, आणि पानातल्या नत्राचा फार मोठा वाटा त्याच्यात गुंतलेला असतो. इतकेच काय, जनुके ज्या डीएनएची बनलेली असतात, त्या डीएनएमध्येही नत्र आहे. म्हणजे नत्र नसेल तर नवे पान नाही, नवी पेशी नाही आणि नवे जनुकही नाही.

दुष्काळातले घर

पाऊस न झालेल्या वर्षी आपल्या भागातले एखादे शेतकरी कुटुंब काय करते, ते आठवून पाहा. घरातला कोणी कामाच्या शोधात दूर जातो. घरात साठवलेले, अंगावरचे किडूकमिडूक मोडून पुढची पेरणी साधली जाते. आणि एकट्याच्या बळावर शेती निभत नसेल, तर वाटेकरी घेतला जातो. तो कष्ट करतो, आपण त्याला हिस्सा देतो.

नत्र कमी पडलेले झाडही हेच तीन मार्ग धरते. मुळे दूरवर पाठवते. जुन्या पानांतला नत्र काढून नव्या पानांना देते. आणि ज्या झाडांना साधते, ती जमिनीतल्या जीवाणूंना वाटेकरी करून घेतात. घरात हे निर्णय वडीलधारी माणसे एकत्र बसून घेतात. झाडाला मेंदू नाही. तिथे हे निर्णय जनुकांच्या मार्फत घेतले जातात.

जनुक ‘जागे होते’ म्हणजे काय?

झाडाच्या मुळातल्या, खोडातल्या आणि पानातल्या पेशींत जनुकांचा संच एकच असतो. फरक असतो तो कोणती जनुके वाचली जातात याचा. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याची लिहून ठेवलेली कृती. ती कृती वाचली गेली, तिची नक्कल निघाली आणि त्यानुसार प्रथिन तयार झाले, की आपण जनुक जागे झाले असे म्हणतो. वाचन थांबले, की ते झोपले.

कोणते जनुक केव्हा वाचायचे, हे ठरवणारी खास प्रथिने असतात. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि शेजारच्या जनुकाचे वाचन सुरू तरी करतात किंवा थांबवतात. त्यांना आपण नियंत्रक प्रथिने म्हणू. ती तयार करणारीही जनुकेच असतात. ऊसतोडीच्या टोळीत जसा मुकादम असतो, तशी ही नियंत्रक जनुके. एक मुकादम हलला, की त्याच्या हाताखालचे पंचवीस जण कामाला लागतात.

भूक प्रथम मुळांना कळते

नत्राचा तुटवडा पडला हे सर्वांत आधी कळते ते मुळांना. मुळाच्या पेशीभोवतीच्या पटलात काही प्रथिने दारासारखी बसवलेली असतात. त्यांतून नायट्रेट आत येते. यांपैकी एका दाराचे जनुक १९९३ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा वनस्पतीत सापडले. त्याला आज ‘एनआरटी १.१’ म्हणतात. पुढे २००९ मध्ये असे दिसून आले, की हे दार नुसते दार नाही, पहारेकरीही आहे. बाहेर नायट्रेट किती आहे हे त्याला कळते आणि ती खबर ते पेशीला देते.

याची आणखी एक गंमत आहे. बाहेर नायट्रेट भरपूर असेल, तेव्हा हे दार सैल पकडीने काम करते. नायट्रेट कमी झाले, की त्याच्या एका ठरावीक जागी फॉस्फेटचा गट चिकटवला जातो आणि त्याची पकड घट्ट होते. मग पाण्यातून जाणारे तुरळक नायट्रेटही ते सोडत नाही. त्याच सुमारास घट्ट पकडीची इतर दारे बनवणारी जनुकेही जागी होतात. सुगीत ओंजळीने धान्य उचलणारा माणूस दुष्काळात दाणा न् दाणा वेचतो, तसेच हे.

पेशीच्या आतही नायट्रेट ओळखणारे एक प्रथिन आहे. त्याचे नाव ‘एनएलपी ७’. नायट्रेट थेट त्याला येऊन चिकटते आणि त्यामुळे ते कार्यरत होते, हे २०२२ मध्ये सिद्ध झाले. हे स्वतः नियंत्रक प्रथिन आहे, म्हणजेच मुकादम. त्याचे नाव लक्षात ठेवा. त्याच्या एका भावंडाची आपली पुढे गाठ पडणार आहे.

मुळांचा निरोप, शेंड्याचे उत्तर

समजा, झाडाच्या एका बाजूच्या मुळांना नत्र मिळेनासा झाला, पण दुसऱ्या बाजूला गुरे बसत असल्याने तिथे शेणमुताचा भरपूर नत्र आहे. अशा वेळी उपाशी मुळांनी कितीही धडपड केली तरी काय उपयोग? जिथे नत्र आहे तिथल्या मुळांनी जास्त घेतला पाहिजे. पण त्या मुळांना तर काही कमीच नाही. मग पलीकडची मुळे उपाशी आहेत हे त्यांना सांगणार कोण?

याचे उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अराबिडॉप्सिसवर प्रयोग करून दिले. उपाशी मुळांत एका प्रकारची जनुके जागी होतात आणि अवघ्या पंधरा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी तयार होते. अशा साखळीला पेप्टाइड म्हणतात. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांतून हे पेप्टाइड पानांपर्यंत जाते. पानांत ते ओळखणारे प्रथिन असते. निरोप पोचला, की पानांत दुसरी जनुके जागी होतात आणि त्यांचे प्रथिन अन्नरस नेणाऱ्या रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे येते. या उत्तराचा शोध २०१७ मध्ये लागला. हे उत्तर सगळ्याच मुळांना पोचते. परंतु ज्या मुळांपाशी नायट्रेट आहे, तिथेच ते पूर्ण प्रभावी ठरते. ती मुळे आपल्या दारांची संख्या वाढवतात आणि उपाशी भावंडांच्या वाट्याचेही खेचून घेतात.

निरोप खालून वर गेला, निर्णय वर झाला आणि हुकूम खाली आला. अशा निरोप्या पेप्टाइडांची जनुके फुलझाडांच्या अनेक कुळांत आढळली आहेत, वृक्षांतसुद्धा.

पहिला मार्ग : मुळे दूर धाडणे

वृक्षांवर असे संशोधन करणे अवघड असते. अराबिडॉप्सिसचा जन्म ते बी हा प्रवास दोन महिन्यांत संपतो. वृक्षाला वर्षे लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनी भराभर वाढणारा एक वृक्ष निवडला, तो म्हणजे पॉप्लर. आपल्याकडे पंजाब, हरियाणात शेताच्या बांधांवर तो लावतात. २००६ मध्ये पॉप्लरच्या एका जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. जनुकसंच पूर्ण वाचला गेलेला हा पहिला वृक्ष. त्यात ४५ हजारांहून अधिक जनुके असल्याचा अंदाज निघाला.

२०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉप्लरच्या रोपांचा नत्र कमी केला आणि मुळांत कोणकोणती जनुके जागी होतात याची वेळोवेळी नोंद घेतली. नत्र कमी होताच मुळे वेगाने लांबू लागली. जनुकांत उतरंड दिसली. वर थोडी नियंत्रक जनुके, त्यांच्या हाताखाली आणखी काही आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष काम करणारी पुष्कळ जनुके. वरच्यांपैकी एकाचे काम मुद्दाम वाढवले, तेव्हा कमी नत्रातही मुळांची वाढ अधिक झाली. मुकादमाला हलवले, की टोळी हलते, याचा हा पुरावा.

मुळे वाढवायची तर साखर लागते. ती येते पानांतून. त्यामुळे उपाशी झाड वरची वाढ आवरते घेते आणि साखर खाली पाठवते. वर खुरटे, खाली लांब, हे नत्र कमी असल्याचे एक लक्षण आहे. खुरटलेले रोप पाहून आपण त्याला ‘मंद वाढीचे’ म्हणतो. खरे तर त्याची वाढ चालूच असते. फक्त ती आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी, जमिनीखाली, चाललेली असते.

दुसरा मार्ग : जुने मोडून नवे घडवणे

नत्र कमी पडला, की खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, वरची कोवळी पाने हिरवी राहतात. हे तुम्ही कपाशीत पाहिले असेल. याचे कारण असे, की झाड जुन्या पानांतले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडते आणि त्यांतला नत्र अमिनो आम्लांच्या रूपाने वरच्या पानांना पाठवते. लोहाचे तसे नाही. लोह एकदा पानात बसले, की सहजी हलत नाही. म्हणून लोहाच्या अभावी कोवळी पाने आधी पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत हे दृश्य बरेचदा दिसते. खालचे पान पिवळे की वरचे, एवढे पाहिले तरी पिवळेपणाच्या कारणाचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

हे पान मोडण्याचे कामही जनुकांच्याच ताब्यात असते. नियंत्रक जनुकांचे ‘नॅक’ नावाचे एक मोठे कुटुंब आहे. त्यातले एक जनुक गव्हात पाने पिकवून त्यांतला नत्र, लोह आणि जस्त दाण्यांत पाठवते, हे २००६ मध्ये कळले. वृक्षांतही या कुटुंबातली पुष्कळ जनुके आहेत. थंड प्रदेशातला पॉप्लर तर पानगळीपूर्वी पानांतला नत्र काढून सालीत विशिष्ट प्रथिनांच्या रूपात साठवतो आणि वसंतात पालवी फुटताना तोच वापरतो.

आपल्याकडे माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पाने पिवळी होऊन गळू लागतात. पळस तर पाने टाकून फुलांनी पेटतो. तेव्हा जमिनीवर पडणारे पान हे पूर्ण भरलेले पान नसते. पान गळण्यापूर्वी झाडे साधारणपणे त्यातला निम्मा किंवा त्याहूनही थोडा अधिक नत्र काढून घेतात. उरलेला खाली पडतो, कुजतो आणि पुन्हा मुळांना मिळतो.

तिसरा मार्ग : वाटेकरी

आता बाभळीकडे येऊ. बाभळीच्या कोवळ्या रोपाची मुळे हलक्या हाताने उकरली, तर त्यांवर लहान लहान गाठी दिसतात. नखाने एखादी गाठ फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. या गाठींत रायझोबियम गटातले जीवाणू राहतात. हवेतल्या नत्राचा तो घट्ट बंध तोडण्याची कला त्यांना साधली आहे. त्यासाठी लागणारे नायट्रोजिनेज हे विकर बनवणारी जनुके जीवाणूंत असतात. ती बाभळीत नाहीत आणि कोणत्याही झाडात नाहीत. मग झाडाच्या जनुकांचे काम काय? वाटेकरी घ्यायचा की नाही, केव्हा घ्यायचा आणि किती घ्यायचे, हे ठरवणे.

या कराराची रीत अशी. नत्र कमी असताना मूळ काही रसायने मातीत सोडते. ती ओळखून जीवाणू आपले रसायन सोडतात. मुळाच्या पेशींनी ते ओळखले, की ‘निन’ नावाचे एक नियंत्रक जनुक जागे होते. त्याच्या हुकमाने जीवाणूंना आत घेतले जाते आणि गाठ बांधायला सुरुवात होते. हे जनुक १९९९ मध्ये लोटस नावाच्या एका शेंगवर्गीय वनस्पतीत सापडले. आणि हेच त्या ‘एनएलपी ७’चे भावंड. एक भावंड नायट्रेटची चाहूल घेते, दुसरे नायट्रेट नसताना जीवाणूंना घरात घेते. एकाच कुळातल्या जनुकांनी दोन कामे वाटून घेतली आहेत.

गाठीतला गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या एका प्रथिनाचा असतो. नायट्रोजिनेज प्राणवायूच्या संपर्कात नासते. जीवाणूंना मात्र श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. तेव्हा हे गुलाबी प्रथिन प्राणवायू धरून ठेवते आणि बेताबेताने देते. ते बनवण्याचे कामही झाडाच्या जनुकांचे.

चिंच आणि बहावा हीदेखील शेंगवर्गीय झाडे. पण त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. म्हणून शेंगा दिसल्या, की झाड नत्र धरतेच असे समजू नये. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींचे जनुकसंच शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. गाठी धरणाऱ्या झाडांच्या कित्येक नातलगांत निन हे जनुक मोडकळीला आलेले किंवा पूर्ण नाहीसे झालेले होते. सह्याद्रीतही आढळणारा ट्रेमा हा वृक्ष त्यांपैकीच एक. त्याच्या जवळच्या नात्यातला पॅरास्पोनिया अजूनही गाठी धरतो. म्हणजे ही कला पूर्वी अधिक कुळांना अवगत असावी आणि अनेकांनी ती पुढे गमावली असावी, असे आता बरेच शास्त्रज्ञ मानतात.

युरिया मिळाला, की गाठी थांबतात

इतकी चांगली कला कोणी का गमावील? कारण ती महाग आहे. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला जीवाणूंना ऊर्जेची किमान १६ नाणी मोजावी लागतात. या नाण्यांना एटीपी म्हणतात. ती येतात झाडाच्या साखरेतून. वाटेकऱ्याला हिस्सा द्यावा लागतो, तो हा. जमिनीत आयता नायट्रेट असेल, तर हा खर्च कशाला करायचा?

म्हणून झाडाने वाटेकऱ्यांवर लगाम ठेवला आहे. मुळांभोवती नायट्रेट वाढले किंवा पुरेशा गाठी झाल्या, की मुळांत आणखी एका पेप्टाइडाची जनुके जागी होतात. ते पेप्टाइड वर पानांकडे जाते. तिथून हुकूम खाली येतो, ‘आता पुरे.’ मग नव्या गाठी होत नाहीत.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. बाभळीच्या रोपाला लवकर वाढावे म्हणून आपण भरपूर युरिया घातला, तर ते रोप हिरवेगार होईल, पण आपला वाटेकरी घेणार नाही. शेंगदाणा, हरभरा, तूर या पिकांचेही तेच. जो नत्र फुकट मिळाला असता, तो आपण गोणीतून विकत घेऊन दिला. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतो आणि त्यातला बराचसा पिकाला न मिळता पाण्याबरोबर झिरपतो किंवा हवेत उडून जातो. पिकाला नत्र द्यावाच लागतो, याबद्दल वाद नाही. पण कोणाला, केव्हा आणि किती, हे झाडाला विचारून द्यावे. झाड सांगते. आपण त्याची भाषा शिकली पाहिजे.

स्वतः करून पाहा

ही भाषा वाचण्याचा एक प्रयोग शाळेत सहज करता येईल. आषाढात सुरुवात करा, कारण कडुनिंबाचे बी ताजेच रुजते. लिंबोळ्यांचा गर धुऊन बी लगेच पेरावे. बाभळीच्या बियांचे कवच टणक असते. त्यांवर कढत पाणी ओतून रात्रभर तसेच ठेवावे. शेळ्यांच्या गोठ्यात सापडणाऱ्या बाभळीच्या बिया अधिक चांगल्या रुजतात.

कुंड्यांसाठी बोरीच्या पात्रातली वाळू घ्या. सखाराम महाराजांच्या यात्रेला आपण ज्या पात्रात उतरतो, तीच वाळू. चार-पाच पाण्यांनी धुतली, की तिच्यात नत्र जवळजवळ राहत नाही. नंतर ती लोखंडी कढईत चांगली भाजून गार करा. पुढीलप्रमाणे चार गट करा व प्रत्येक गटात तीन-तीन रोपे ठेवा.

क : बाभूळ. वाळूत बाभळीखालची चिमूटभर माती, पण पाण्यात अर्धा तास उकळलेली. युरिया नाही.
ख : बाभूळ. वाळूत बाभळीखालची चिमूटभर माती, न उकळलेली. युरिया नाही.
ग : बाभूळ. ‘ख’प्रमाणेच माती. आठवड्यातून एकदा युरियाचे पाणी (एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम).
घ : कडुनिंब. ‘ख’प्रमाणेच माती. युरिया नाही.

इतर क्षारांसाठी सर्व कुंड्यांना पंधरा दिवसांतून एकदा राखेची निवळी द्या. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा लाकडाची राख ढवळून, गाळून घ्यावी. राखेत पोटॅश, चुना, स्फुरद असते. नत्र मात्र जळतानाच उडून गेलेला असतो, म्हणून ती आपल्या प्रयोगाला सोयीची. निवळी आणि युरियाचे पाणी एकाच दिवशी देऊ नये. अल्कलीमुळे युरियातला नत्र अमोनिया होऊन उडतो.

पहिले दोन-तीन आठवडे रोपे बियांतल्या साठ्यावर जगतात. घाई करू नका. नवरात्राच्या सुमारास रोपे पाण्यात भिजवून हळूच काढा. गाठी मोजा, एखादी फोडून तिचा रंग पाहा. मुळांची आणि खोडांची लांबी मोजा. मग मुळे आणि वरचा भाग वेगवेगळे वाळवून तोला आणि मुळांच्या वजनाला वरच्या भागाच्या वजनाने भागा. कोणत्या गटात हा भागाकार सर्वांत मोठा येतो? गाठी ‘ख’मध्ये किती आणि ‘ग’मध्ये किती? ‘क’ आणि ‘घ’मध्ये गाठी नसतील, तर दोन्हींची कारणे एकच आहेत का? शिक्षकांनी उत्तरे आधी सांगू नयेत. आकडे जसे मिळतील तसेच वहीत लिहावेत. अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला, तर त्यावरच वर्गात चर्चा व्हावी.

शेवटी एक गोष्ट. फाल्गुनात शाळेच्या आवारात कडुनिंबाचा पाला पडतो. तो झाडून, ढीग करून काडी लावायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपल्या प्रयोगातल्या राखेत नत्र का नव्हता, हे तुम्हाला आता माहीत आहे. झाडाने गळताना अर्धा नत्र वाचवला, उरलेला अर्धा मातीसाठी सोडला आणि आपण तो काडीच्या एका फटकाऱ्याने हवेत घालवला. पुढच्या पावसाळ्यात तेच झाड पुन्हा मुळे दूर धाडील, पुन्हा निरोप पाठवील. पाला न जाळता झाडाच्या आळ्यात पसरला, तर त्या झाडाला एवढे लांब जावे लागणार नाही. यंदा एका झाडाचा पाला तरी तसा राखून पाहा.